लाल कागद नसलेलं फूल

"अंभोरे मॅडम, सकाळी माझ्या हातांना काय लागलेलं असतं, ठाऊक आहे का तुम्हाला?"

बोराडे सरांनी दोन्ही तळहात मीटिंगच्या टेबलावर पसरले. हात धुतलेले होते, तरी नखांच्या कडा पिवळ्या दिसत होत्या.

"परागकण," मी म्हणाले.

"परागकण! आणि असले हात घेऊन मी खिशातून फोन काढू, चष्मा शोधू, मग तुमच्या त्या चौकोनात आकडा टाकू? तोपर्यंत माझ्या कापसाकडे कोण बघणार, तुमचा सर्व्हर?"

टेबलाभोवतीचे सगळे खो खो हसले. मीही हसले असते. पण हसत होते ते माझ्याच खटाटोपावर, म्हणून मला अस्सा राग आला की विचारू नका.

गोष्ट आता जुनी झाली. जालन्यात आमची बियाण्यांची कंपनी होती आणि मी तिथल्या कॉम्प्युटर विभागाची प्रमुख. प्रमुख म्हणजे काय, माझ्या हाताखाली एक प्रिंटर आणि एक कुलर! पण खुर्ची प्रमुखाची होती, आणि त्या खुर्चीवर बाई बसलेली कंपनीने तोवर पाहिलेली नव्हती. त्यामुळे मी जे काही मागायचे ते आधी चेष्टेवारी जायचं आणि मग कधीतरी मिळायचं.

त्या दिवशी मी मागत होते ते एवढंच. जो कोणी बाहेरून, म्हणजे घरून, शेतावरून, लॉजवरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरेल, त्याचं नुसत्या पासवर्डवर भागणार नाही. पासवर्ड दिला की लॅपटॉपच्या पडद्यावर दोन आकडी नंबर येईल आणि तो नंबर त्याने स्वतःच्या फोनवर टाकायचा. लॅपटॉपसमोर बसलेला आणि फोन हातात असलेला माणूस एकच असेल, तरच दार उघडेल. याला मल्टी-फॅक्टर ऑथेंटिकेशन म्हणतात. आमच्याकडे त्याला 'अंभोरेबाईंचं दुसरं कुलूप' असं नाव पडलं.

आणि हे कुलूप सगळ्यांत आधी लावायला हवं होतं ते बोराडे सरांनाच. डॉ. रंगनाथ बोराडे आमचे शास्त्रज्ञ, नवे वाण तयार करणारे. देऊळगाव राजाच्या पलीकडे कंपनीचं संशोधनाचं शेत होतं. तिथे हा माणूस वीस-बावीस वर्षं कापसाच्या ओळींत उभा होता आणि कमी पाण्यावर तगणारा एक नवा वाण त्याने आता हातातोंडाशी आणला होता. संकरित वाण म्हणजे दोन झाडांचं लग्न. नर कोणता, मादी कोणती आणि ती जोडी शेतात नेमकी कुठे उभी आहे, हे ज्याला कळलं त्याने एका रात्री कुंपण ओलांडून चार बोंडं नेली की झालं, बावीस वर्षांचं काम दुसऱ्याच्या पिशवीत! ही सगळी माहिती सरांच्या खात्यात होती. आणि सरांचा पासवर्ड? त्यांच्या पहिल्या वाणाचं नाव. विक्री विभागापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना तो पाठ होता. कोणी फोन करून काही आकडे मागितले की सर शेतातून ओरडायचे, "पासवर्ड माहितीय ना? मग तूच काढून घे की!"

"दादासाहेब, सरांना तरी यातून वगळा," विक्री विभागातला हेमराज शेवाळे म्हणाला. "नाहीतर काय होईल बघा." आणि त्याने घसा खाकरून, मान एका बाजूला कलती करून दादासाहेबांचाच आवाज काढला, "हं... ऐक! बोराडे, माझा कापूस कुठाय? दादासाहेब, कापूस तयार आहे, पण नंबर आला नाही!"

हेमराजची ही नक्कल दरवर्षी स्नेहसंमेलनात व्हायची आणि दादासाहेब पहिल्या रांगेत बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायचे. त्या दिवशीही हसले. दादासाहेब कायंदे म्हणजे कंपनीचे मालक. एका खोलीच्या दुकानापासून सगळं उभं केलेलं. माणूस दिलदार, पण तापट असा की तोंडावर 'नाही' म्हणायची कुणाची छाती नव्हती. त्यामुळे कंपनीत एक रीतच पडली होती. दादासाहेबांनी भलतंच काही सांगितलं की "बघतो, दादासाहेब" म्हणायचं आणि करायचं नाही. सगळा कारभार त्या 'बघतो'वर चालायचा. दादासाहेबांनाही ते ठाऊक असावं, पण निदान कानावर 'नाही' पडत नसे.

"पोरी," दादासाहेब मला म्हणाले, "तुझं काय ते कुलूप सगळ्यांना लाव. बोराडेंना सोड."

"बघते, दादासाहेब," मी म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी मी शेतावर गेले.

सकाळची वेळ होती. कापसाच्या ओळींतून बायका वाकून चालल्या होत्या. प्रत्येकीच्या कमरेला पिशवी आणि हातात नर झाडाचं फूल. आमच्याकडे या कामाला सगळे 'क्रॉसिंग' म्हणतात. आदल्या संध्याकाळी मादी झाडाची कळी उघडून आतले पुंकेसर काढून टाकायचे आणि त्या कळीवर लाल कागद अडकवायचा. सकाळी लाल कागद बघून त्याच फुलाला नराचे परागकण लावायचे आणि मग पांढरा दोरा बांधायचा. ज्या बोंडाला दोन्ही खुणा नाहीत ते बियाण्यात जात नाही.

बोराडे सर लांबूनच ओरडले, "या, या! कुलूप घेऊन आलात?"

"आधी कापूस तर बघू द्या," मी म्हणाले. बांधाजवळच्या झाडावर एक टपोरं, मलईच्या रंगाचं फूल उमललं होतं. इतकं देखणं की मला राहवेना. सरांच्या हातातलं नराचं फूल मी मागून घेतलं आणि पुढे झाले.

"आवं बाई, थांबा की!" गयाबाईने माझं मनगटच धरलं. गयाबाई म्हणजे त्या सगळ्या बायकांची मुकादम, आवाज असा की दोन शेतं ओलांडून जावा. "त्याला लाल कागद कुठाय?"

"नाहीये. पण फूल तर चांगलं दिसतंय."

"दिसाया लई चांगलं हाय. पर काल त्याची कळी कुणी सोलली का न्हाई, कुणाला ठावं? कागद न्हाई तर हात न्हाई."

मी सरांकडे बघितलं. त्यांना वाटलं, मी रागावले. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "त्यांचं काही मनावर घेऊ नका. माझाच नियम आहे तो. फूल कितीही ओळखीचं वाटलं, तरी खूण नसेल तर ते आपलं नाही."

"आणि तुम्ही स्वतः सांगितलंत तर?"

"तरी नाही."

"दादासाहेबांनी?"

सर हसले. "मागच्या वर्षी दादासाहेब पाहुण्यांना घेऊन आले होते. हौसेने एका फुलाला हात लावला, असंच बिनकागदाचं. फोटोबिटो झाला. आम्ही म्हटलं, वा दादासाहेब! गाडी वळणावरून दिसेनाशी झाली आणि गयाबाईने ते फूल खुडून बांधावर टाकलं."

"म्हंजी काय, ठिवायचं व्हतं का?" गयाबाई म्हणाली.

मी म्हणाले, "मग सर, तुमच्या पासवर्डला लाल कागद कुठाय?"

सर गयाबाईकडे बघायला लागले. मी सोडलं नाही. म्हटलं, "तुमचा पासवर्ड अख्ख्या कंपनीला ओळखीचा. तो घेऊन आत शिरलेला माणूस तुमच्यासारखाच दिसतो. तो तुम्हीच आहात याची खूण काय? एका बोंडाला तुम्ही दोन खुणा मागता, आणि ही सगळी बोंडं ज्यात आहेत त्या खात्याला एकही पुरी नाही?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग मोठ्यांदा हसले. "पकडलंत मला, मॅडम! माझ्याच शेतात उभं करून पकडलंत!"

घासाघीस मात्र त्यांनी केलीच. पासवर्ड बदलायचा नाही, पहिल्या वाणाचं नाव आहे, म्हणाले, तेवढं एक राहू द्या. मी म्हटलं, राहू दे, दुसरं कुलूप लागतंय ना! सकाळी ओळींत शिरण्याआधी त्यांनी कोरड्या हातांनी नंबर टाकायचा, तो दुपारपर्यंत चालायचा, असं ठरलं. गयाबाईने जुन्या लुगड्याच्या कापडाची एक चपटी पिशवी शिवून दिली, ती सर गळ्यात घालायचे आणि फोन तिच्यात. एक नियम मी तीन-तीनदा म्हणून घेतला, "आपण स्वतः लॅपटॉपसमोर बसलेलो असू, तरच नंबर टाकायचा. दुसऱ्या कुणी सांगितलेला नंबर टाकायचा नाही. मग तो कुणी का असेना."

"कागद न्हाई तर हात न्हाई," गयाबाई म्हणाली. सरांनी मान हलवली.

दादासाहेबांना मी काहीच कळवलं नाही. 'बघते' म्हणाले होते, बघितलं.

पुढे क्रॉसिंगचा हंगाम ऐन भरात आला. मधल्या काळात हेमराज शेवाळे नोकरी सोडून दुसऱ्या एका बियाणे कंपनीत गेला. त्याला निरोप देताना केक कापला, त्याने दादासाहेबांची नक्कल केली, सगळे हळहळले. असा हसरा माणूस पुन्हा मिळायचा नाही, म्हणाले.

आणि मग तो दिवस आला. दादासाहेब दिल्लीला बैठकीला गेले होते, संध्याकाळपर्यंत परतणार होते. अकरा वाजून गेले असतील. माझा फोन वाजला. बोराडे सर होते, आणि त्यांचा आवाज असा, की मला वाटलं शेतात कुणाला साप चावला.

"मॅडम, दादासाहेबांचा फोन होता. दिल्लीहून. भयंकर घाईत आहेत. मोठी माणसं समोर बसली आहेत, म्हणाले, नव्या वाणाचा तक्ता आत्ताच्या आत्ता दाखवायचाय. माझ्या पासवर्डने आत शिरतायत. मला म्हणाले, तुझ्या फोनवर नंबर विचारेल, तिथे अठ्ठावन्न टाक."

"आणि विचारतोय?"

"विचारतोय ना! इथे समोर दिसतंय. नंबर टाका, नंबर टाका, चाललंय."

"तुम्ही लॅपटॉपवर आहात का सर?"

"मी सातव्या ओळीत उभा आहे, मॅडम."

"त्यांच्याच नंबरवरून आला होता फोन?"

"नाही. त्यांचा फोन बंद पडलाय, पाहुण्यांच्या फोनवरून बोलतोय म्हणाले."

मी दुसऱ्या फोनवरून दादासाहेबांचा नंबर लावला. बंद. म्हणजे खरंच की, मला वाटलं. आज लोकांना ही गोष्ट सांगते तेव्हा काही जण विचारतात, मॅडम, तुम्हाला शंका आलीच असेल! आली असती तर बरं झालं असतं. जीव इतका खालीवर झाला नसता.

"सर," मी म्हणाले, "नियम तुम्हाला माहितीय."

"माहितीय. पण दादासाहेब आहेत हो!" ते जवळजवळ रडकुंडीला आले होते. "दोन वर्षांत मी निवृत्त होणार. हा वाण बाजारात आलेला बघायचाय मला, एवढीच इच्छा राहिलीय. दादासाहेबांनी शेतातून काढलं तर मी घरी बसून काय करू, कुंडीत कापूस लावू?"

पलीकडून बायकांचं बोलणं ऐकू येत होतं. कुणीतरी कुणाला हसत होतं. इतक्यात सरांचा फोन मध्येच टुं टुं करायला लागला. मग म्हणाले, "परत फोन येतोय त्यांचा. ठेवतो." आणि ठेवला.

सरांनी काय केलं ते मला कळेना. स्क्रीनकडे बघत मी खुर्चीच्या काठावर बसले. सर बिचारे 'बघतो' म्हणतील, माझ्या मनात आलं, आणि मग बघतो बघतो करत आकडा टाकतील. फोन आलेला असताना 'बघतो' किती वेळ पुरणार?

तेवढ्यात माझाच फोन वाजला. अनोळखी नंबर होता. उचलला.

"हं... ऐक!"

तोच आवाज. तसंच खाकरणं, त्यानंतरची तीच एक क्षणाची शांतता. पाठीमागे गलका होता. मी खुर्चीतून उभीच राहिले.

"बोराडेनं मला 'नाही' म्हटलं! मला! 'नाही, दादासाहेब', असं तोंडावर! काय शिकवलंस तू त्या माणसाला, पोरी?"

खरं सांगते, भीतीच्या खालून काहीतरी भरभरून वर आलं. बोराडे सर 'नाही' म्हणाले! निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, समोर अन्नदाता, आणि तो माणूस कापसाच्या सातव्या ओळीत उभा राहून 'नाही' म्हणाला!

"ते तुझं कुलूप काढ त्याच्या खात्याचं. आत्ताच्या आत्ता. तुला एका मिनिटाचं काम आहे."

ते खरं होतं. एका मिनिटाचंही नव्हतं. माझ्या समोरच्या स्क्रीनवर एक खूण पुसली की झालं असतं. 'बघते, दादासाहेब' म्हणायला जीभ वळली होती. पण म्हटलं, शैलजा, तो माणूस तिकडे एकटा 'नाही' म्हणून उभा आहे आणि तू इकडे 'बघते' म्हणणार?

"नाही, दादासाहेब."

"काय?"

"नाही. हे कुलूप मी फोनवरच्या सांगण्याने काढणार नाही. तुम्ही इथे या, माझ्यासमोर बसा, मग सांगा."

"तुला कळतंय का, कोणाशी बोलतेयस?"

"कळतंय म्हणून तर आवाज कापतोय माझा."

"संध्याकाळी येतोय मी. टेबल रिकामं करून ठेव. आणि त्या बोराडेला सांग, उद्यापासून शेतात पाय ठेवायचा नाही!" आणि फोन कट झाला.

मी पाणी प्यायले. मग जे केलं त्याचं मला अजून नवल वाटतं. आपण लॅपटॉपवर नसताना फोनने नंबर विचारला की तो पासवर्ड ताबडतोब बंद करायचा, हाही माझाच नियम होता. समोर मालक आहे म्हणून तो शिथिल करावा, असं कुठे लिहिलं नव्हतं. मी सरांचा पासवर्ड बंद करून टाकला. दिल्लीत पाहुण्यांसमोर दादासाहेबांच्या तोंडावर दार लावलं आपण, असं मनाशी म्हटलं, आणि ड्रॉवर आवरायला घेतला. त्यात होतं काय? एक शाल, कुलरच्या वाऱ्यासाठी. आवळा सुपारीची डबी. आणि टेबलावरची माझ्या नावाची पाटी. ती मी स्वतःच्या खर्चाने करून घेतली होती, म्हणून ती आधी पिशवीत टाकली.

संध्याकाळी बोराडे सर आले. बुटांना चिखल, गळ्यात तशीच लुगड्याची पिशवी. माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले. माझं रिकामं टेबल बघितलं आणि म्हणाले, "तुम्हालाही काढलं?"

"हो. तुम्ही खरंच 'नाही' म्हणालात सर?"

"म्हणालो. आधी 'बघतो' म्हणालो. ते म्हणाले, बघू नकोस, टाक. मग मी समोर बघितलं. गयाबाई एका फुलाशी थांबली होती. कागद गळून पडला असावा, ती मुळाशी शोधत होती. सापडला नाही. तशी ते फूल सोडून पुढे गेली. मॅडम, रोजंदारीवरच्या बायकांकडून मी वीस वर्षं हे करून घेतलं. मग मला 'नाही' म्हणावंच लागलं."

मला त्या माणसाचा असा अभिमान वाटत होता की नोकरी जाण्याचं दुःख त्याच्यापुढे जाणवेना. अगदी जाणवेना असं नाही, पण कमी.

खाली गाडी वाजली. जिन्यात पावलं वाजली. दादासाहेब दारात आले, हातात मिठाईची पिशवी, चेहरा खुशीत.

"अरे वा, बोराडेही इथेच! घ्या, दिल्लीचा सोहन हलवा." मग आमच्याकडे नीट बघून म्हणाले, "काय रे, कुणी गेलं का? तोंडं अशी का करून बसलात?"

बोराडे सर उठून उभे राहिले. "दादासाहेब, मी जे बोललो त्याची माफी मागतो. पण जे केलं त्याची नाही मागत."

"मीही," मी म्हणाले. "टेबल रिकामं केलंय."

"काय बोललात? कुणाला? टेबल कसलं?"

"सकाळी फोनवर, दादासाहेब. तुम्ही नंबर टाकायला सांगितला तेव्हा."

"मी? कसला नंबर? सकाळी तर मी विमानात होतो. दिल्लीत पाऊस होता, दोन तास तिथेच बसवून ठेवलं, मग हैदराबादवरून फिरवलं. माझा फोन आत्ता गाडीत चालू केला मी."

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. सरांच्या पासवर्डने कुणीतरी पुन्हा पुन्हा दार ठोठावलं होतं. मी पासवर्ड बंद केल्यावरसुद्धा दुपारभर ठोठावत राहिलं होतं. एकदाही आत आलं नव्हतं.

"पण आवाज तुमचा होता," सर पुटपुटले. "ते खाकरणंसुद्धा. 'हं... ऐक!'"

दादासाहेबांच्या हातातली पिशवी टेबलावर आली. आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. माझ्या डोळ्यांसमोर स्नेहसंमेलनाचं स्टेज आलं, आणि पहिल्या रांगेत डोळे पुसत हसणारे दादासाहेब. त्यांच्याही डोळ्यांसमोर तेच आलं असणार, कारण ते हळूच म्हणाले, "शेवाळे."

पुढचं काम पोलिसांनी केलं, त्यात मला शिरायचं नाही. शेवाळेच होता. सरांचा पासवर्ड त्याला पाठ होता, दादासाहेब कुठल्या विमानाने येणार ते त्याने जुन्या ओळखीने काढून घेतलं होतं, आणि आवाज तर आम्हीच टाळ्या वाजवून वाजवून घडवलेला. त्याच्या हिशोबात फक्त एक गोष्ट नव्हती. या कंपनीत कुणी दादासाहेबांना 'नाही' म्हणेल, हे त्याला कसं सुचणार?

पण त्या संध्याकाळी दादासाहेबांना शेवाळेचं फारसं पडलेलं नव्हतं. ते खुर्चीत बसले. बोराडे सरांकडे बघत राहिले, मग माझ्याकडे.

"म्हणजे," ते म्हणाले, "तुम्हाला दोघांनाही वाटलं, की तो मीच आहे."

"हो."

"जराही शंका नाही?"

"नाही, दादासाहेब."

"आणि तरी तुम्ही 'नाही' म्हणालात."

सरांनी मान खाली घातली. मी घातली नाही. दादासाहेबांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचा त्यांनी काही प्रयत्न केला नाही.

"अख्ख्या आयुष्यात कंपनीतलं कुणी मला 'नाही' म्हणालं नाही," ते म्हणाले. "आज पहिल्यांदा म्हणालं. दोघं एकाच दिवशी म्हणाले. आणि नेमका मीच ऐकायला नव्हतो!"

मग ते हसायला लागले, आणि आम्हीही. हलव्याचा डबा तिथेच फोडला. जाताना त्यांनी माझ्या पिशवीत हात घालून नावाची पाटी काढली, बाहीने पुसली आणि टेबलावर ठेवली. "आता माझ्या फोनवर पण लाव ते कुलूप," म्हणाले. "आणि बोराडे, त्या मागच्या वर्षीच्या फुलाचं काय झालं, मी हात लावला होता त्या?"

बोराडे सर चाचरले. "बघतो," त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"खुडलंत ना?"

"खुडलं, दादासाहेब."

"चांगलं केलंत."

पुढच्या हंगामात सरांचा वाण बाजारात आला. त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाला दादासाहेबांनी शेतावरच्या सगळ्या बायकांना गाडी पाठवून बोलावून घेतलं आणि पहिल्या रांगेत बसवलं. नकलेचा कार्यक्रम रद्द होणार, असं सगळ्यांनी धरलं होतं. पण दादासाहेब स्वतःच उठून स्टेजवर गेले. खुर्चीत बसले, फोन म्हणून एक केळं कानाला लावलं, मान कलती केली आणि खाकरले.

"हं... ऐक! बोराडे, अठ्ठावन्न टाक!"

खरं सांगायचं तर दादासाहेबांना दादासाहेबांची नक्कल काही नीट जमली नाही. शेवाळे जास्त चांगली करायचा. पण सगळा हॉल खुर्च्यांत पुढे सरकून बसला होता. बोराडे सर स्टेजच्या दुसऱ्या टोकाला उभे होते, गळ्यात ती लुगड्याची पिशवी. त्यांनी गयाबाईकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"नाही, दादासाहेब," ते म्हणाले.

पहिल्यांदा गयाबाईने टाळी वाजवली, मग सगळा हॉल उठला. मी रडत होते की हसत होते, मला आठवत नाही. आठवतो तो दादासाहेबांचा चेहरा. केळं कानालाच धरून ते बसले होते, आणि या खेपेला ऐकायला ते हजर होते.